अर्ध्या तासाचा सल्ला

"ताई, तुम्ही तरी नाही म्हणू नका."

सोमवारी तिच्या मुलीच्या ताब्याची सुनावणी होती आणि गावातल्या पाच वकिलांनी तिला परत पाठवलं होतं. मोफत कायदा मदत केंद्रातली मी सहावी आणि शेवटची. अर्जावर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिताना माझं पेन थांबलं.

"हे मागच्या महिन्यात माझ्याकडे येऊन गेलेत. अर्धा तास सगळं सांगत होते. एका बाजूचं ऐकल्यावर मला त्यांच्याविरुद्ध उभं राहता येत नाही."

"पाचही जण हेच म्हणाले. केस दिली का त्याने तुम्हाला?"

"नाही. नुसतं बोलून गेले."

"बाहेरगावचा वकील केलाय त्याने." ती कडवट हसली. "घरात समोरचं पातेलं सापडत नाही त्याला. एवढी अक्कल दिली कुणी?"

तो सगळ्यात आधी माझ्याकडे आला होता. निघताना मी सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं होतं, "एकाच वकिलावर थांबू नका, बाकीच्यांनाही विचारा." आणि पाचही जणांचे फोन नंबर त्याला स्वतःच्या हाताने लिहून दिले होते.