मयताची गाडी

"गाडी नाई म्हणते," नूरी सिस्टरनं फोन खाली ठेवला.

पोचू भिंतीला टेकून उभा होता. आत बाकावर त्याची पोर जुरी पडली होती. बाळ पोटात आडवं बसलं होतं आणि ओरडायचंही बळ आता तिच्यात उरलं नव्हतं. सूरजागडच्या डोंगराआडच्या गावातून तिला खाटेवर घालून, नदी ओलांडून, या उपकेंद्रात आणलं होतं. इथं होतं काय, तर नूरी, एक कपाट आणि फोन. पोट चिरून बाळ काढणारे डॉक्टर मोठ्या दवाखान्यात, आणि तिथवर न्यायला गाडीच हवी.

"काऊन नाई? तिथी दोन गाड्या उभ्या राह्यते ना?" पोचूनं विचारलं.

"एकीत डिझेल नाई, भाऊ. उद्या पाहू म्हणते. अन् उद्यापर्यंत ही..." नूरीनं पुढचं गिळलं. "दुसरी आहे, पण ते मयताची."

मयताची गाडी पोचूला कुणी नव्यानं सांगायला नको होती. ती आली होती त्याच्याच पायी. मागं याच तातडी सेवेनं त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं आणि ती गेल्यावर हात वर केले. मेलेल्याला परत न्यायचा नियम नाही म्हणे. माडिया माणूस आपल्या मातीत गेला नाही, गावाशेजारी त्याच्या नावाचा दगड उभा राहिला नाही, तर मेल्यावरही त्याला थारा नसतो. हे त्या नियमवाल्यांना कोण सांगणार? पोचूनं बायकोला खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. वाटेत एका पेपरवाल्यानं फोटो काढला, तेव्हा कुठं वरच्या लोकांना लाज वाटली. मोठे साहेब गावात आले. गाव जिथं जमतं त्या गोटुलापुढं मातीत मांडी घालून बसले, पानाच्या द्रोणातून मोहाची प्यायले आणि हात जोडून म्हणाले, "आमची चूक झाली. यापुढं तुमचं गेलेलं माणूस आमची गाडी तुमच्या दारात आणून देईल. मी स्वतः हजर राहीन." आणि साहेबानं शब्द पाळला हो. त्या गाडीची टाकी कधी रिकामी नसे. जित्यांनी काय करायचं, ते मात्र साहेबांना सुचलं नव्हतं.

पोचूनं एकदा आत पाहिलं.

"बाई, फोन लाव," तो म्हणाला. "मी बोलतो."

नूरीला कळायचं ते कळलं. "भाऊ, असं तोंडातून काढू नये."

"लाव."

जित्या माणसाला मेलं म्हणणं त्यांच्यात मोठं पाप. गावानं ऐकलं असतं तर त्याला पंगतीतून उठवलं असतं. फोन हातात आला तरी त्याची जीभ उचलेना. बायकोला खांद्यावरून वाहून नेलं तेव्हाही त्याला इतकं जड गेलं नव्हतं.

"मी पोचू बोलतो. माही पोरगी मेली."

"अरेरे," नूरीवर मघाशी खेकसणारा माणूस एकदम मऊ झाला. "वाईट झालं, भाऊ. तुम्ही हलू नका तिथून. आत्ता निघते गाडी."

आणि खरंच आली. ड्रायव्हर जलालुद्दीन पांढरी चादर काखेत मारून आत शिरला आणि दारातच थबकला. जुरी कण्हत होती.

"हे त जिंदा आहे," तो म्हणाला.

"आहे," पोचू म्हणाला. "दुसरा रस्ता असन त सांग. नाई त उचलू लाग."

जलालुद्दीन चडफडला. याच गाडीत तापाचा पेशंट बसवला म्हणून त्याच्या जोडीदाराला, रईसला, साहेबांनी घरी बसवलं होतं. यालाही घरी लेकरं होती. त्यानं अल्लाहचं नाव घेतलं, साहेबांच्या नावानं एक शिवी हासडली आणि वाकून जुरीला उचललं.

तिला गाडीत ठेवलं न ठेवलं, तोच मागून जीप येऊन थांबली. साहेब शब्दाचे पक्के. हार घेऊन स्वतः हजर.

"तोंडावर घ्या लवकर," जलालुद्दीन चादर ओढत पुटपुटला. "जिंदा दिसली त इथीच उतरवतीन. जीप गेली का मी सीधी दवाखान्याकडे काढतो."

पोचूनं आपल्या हातानं जित्या पोरीचं तोंड झाकलं.

साहेबांनी बूट काढले. चादरीवर हार ठेवला, हात जोडले आणि तिथंच उभे राहिले. माणूस ढोंगी नव्हता, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. पोचूला त्याचा राग राग आला. पलीकडं नूरी तोंडात पदर कोंबून उभी होती. जुरीच्या नाकापाशी चादर हळूच वर जात होती, खाली येत होती. साहेब काही जागचे हलेनात.

पोचू पोरीच्या कानाशी वाकला. साहेबांना वाटलं, बाप शेवटचं काही बोलतोय, म्हणून त्यांनी मान आणखी खाली घातली.

"माय," तो म्हणाला, "साहेब जाईपर्यंत श्वास नको घेऊ."