यात मान्यवर कोणी नाही

पॅरिसमधल्या आमच्या संग्रहालयाच्या दफ्तरखान्यात ऐंशी ओलांडलेले मोस्ये केरेल काठी टेकत आले आणि त्यांनी १९५६ च्या कॅथेड्रल-प्रदर्शनाची फाईल मागितली.

"त्यातली प्लास्टरची कमान माझ्या बाबांनी ओतली होती, मादाम. संध्याकाळी इतके पांढरे होऊन यायचे, की नवीन शेजारी त्यांना बेकरीवालाच समजायचे! कारागिरांचे फोटो काढले होते म्हणे."

फाईलमधल्या फोटोंत मंत्री होते, तज्ज्ञ होते, उद्घाटनाची फीत होती. सगळ्यात खाली एक पिवळा कागद होता. आम्ही काही नष्ट केलं, तरी त्याची नोंद मात्र कायम जपून ठेवतो.

"कारागिरांचे फोटो, चौदा. मागे नावं : केरेल व इतर. यात मान्यवर कोणी नाही. नष्ट केले." खाली सही होती, तारीख वीस वर्षांपूर्वीची.

त्यांनी तो दोनदा वाचला. "कोणी केलं हे?"

"जुनी गोष्ट आहे, मोस्ये. असेल तेव्हाचं कोणीतरी."

"असू दे. मला याचीच झेरॉक्स द्या. तुमच्या एवढ्या इमारतीत बाबांचं नाव असलेला हा एकच कागद दिसतोय. शिक्का मारून द्या हं, नातवंडांना दाखवीन."

शिक्क्याशेजारी माझी सही लागते. मी केली.

मोस्ये केरेलनी चष्मा पुसला. वरची जुनी सही पाहिली, मग खालची ताजी.

"सही छान आहे हो तुमची, मादाम," ते म्हणाले. "वीस वर्षांत जराही बदलली नाही."