लेंड्यांची सूट

साहेबांचा गोल्फचा बॉल नेमका मावशीच्या बकऱ्यांच्या लेंड्यांत जाऊन बसला. त्यांची बॅग घेऊन मागं चाललेली मी ओरडले, "हातानं उचला! एरवी बॉलला हात लावायचा नसतो, पण इथं लेंड्यांची सूट असते, जुना नियम आहे."

मुंबईचे साहेब खूश. "नऊच होल, मधून गावचा रस्ता, वर बकऱ्या! हे मैदान जसंच्या तसं जपलं पाहिजे."

मावशी हरखली. तिच्या बकऱ्यांना दुसरीकडं चाराच नव्हता.

मग साहेबांच्या पैशानं जपणूक सुरू झाली. चारी बाजूंनी कुंपण आलं, गवत कापायचं मशीन आलं. वॉचमननं मावशीला गेटवरच अडवलं, "बकऱ्या नाही न्यायच्या आत. जुनं मैदान खराब होतं."

माझं डोकंच फिरलं. गेटवर चढून पाहिलं, तर आत सिमेंटची बकरी उभी. माळीकाका तिच्यामागं काळ्या गोट्या मांडत होते.

"हे काय, काका?"

"लेंड्यांची सूट जपायचीय ना."