डिश जरा मागे असते

डिश काढायच्या आधी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी बघून घ्या, असा फायबरवाल्याचा आग्रह होता. लोक आधी काढा काढा म्हणतात आणि मागाहून कुरकुरतात. त्यापेक्षा डोळ्यांदेखत निकाल लागलेला बरा. म्हणून हॉलमध्ये जुन्या टीव्हीवर डिश आणि त्याला खेटून नव्या टीव्हीवर फायबर असा सामना लावून, पैलवानाच्या वस्तादासारखा तो कमरेवर हात ठेवून उभा होता.

सूनबाई समोर बसली. सासूबाई जाऊन चार महिने झाले, तरी अख्ख्या इमारतीत तिचं नाव सूनबाईच राहिलं होतं. सासूबाईंची खुर्चीही खिडकीपाशी होती तिथेच होती. फक्त तिच्यावर आता इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असायचा.

त्या असताना फायबर या घरात येणं शक्य नव्हतं. दुपारच्या बातम्यांतली बाई 'नमस्कार' म्हणाली की डिशवरचं चित्र नेमकं अडकायचं, त्याच्या चौकटी चौकटी व्हायच्या, आणि तेवढ्यात सासूबाई तिला उलट नमस्कार करून घ्यायच्या. वर सूचनाही असायच्या. घसा बसलाय, गरम पाणी पी. ती बट मागे घे कपाळावरची, तिरळी होशील. शेवटी शेवटी बोलायला दम पुरेना, तेव्हा त्या सुनेला खुणावायच्या, तू म्हण, बाई खोळंबलीय. "आई, डिश अडकलीय, बाई नाही," असं म्हणून सूनबाई भांड्यांकडे वळायची.

नवऱ्याने सकाळी निघताना बजावलं होतं, आज ती डिश उतरवून टाक आणि खुर्चीचंही काय ते बघ. तिलाही तेच हवं होतं. इतकी वर्षं धुरकट चित्र बघून डोळे विटले होते.

फायबरवाल्याने समजावलं, एचडी दोन्हीकडे लिहिलेलंच असतं, त्यावर जाऊ नका. डिशवर चित्र दाबून दाबून पाठवतात, बारीकसारीक सगळं गळून जातं. आणि सिग्नलला आकाशात जाऊन खाली यायचं, म्हणजे डिश जरा मागे असतेच. एकावर एक बोलणं नको म्हणून त्याने डिशचा आवाज बंद केला.

बातम्यांचं संगीत वाजलं. नव्या टीव्हीवर ती बाई अशी उमटली की सूनबाई बसल्या जागी मागे सरकली. न विचारता कुणी घरात शिरल्यावर सरकावं तशी. हनुवटीवर पावडरखाली झाकलेली पुळी, कॉलरचा निघालेला दोरा, कपाळावर उतरलेली बट.

"पापण्या मोजून घ्या, ताई," फायबरवाला म्हणाला.

बाई नमस्कार म्हणाली आणि थांबली.

इथेही अडकतंय की, असं सूनबाई म्हणाली, तसा तो ओशाळून मागची तार चाचपायला वाकला. पण खालच्या पट्टीवरून अक्षरं सरकतच होती. कोपऱ्यातलं घड्याळ चालू होतं. बाईच्या कानातलं हलत होतं, श्वासाबरोबर गळ्याचा खळगा भरत होता, रिकामा होत होता. डिशवर यातलं काही म्हणजे काही कधी दिसलं नव्हतं.

बाई वाट बघत होती. सूनबाईकडे तिचं लक्षही नव्हतं. ती खिडकीकडे बघत होती, कपड्यांच्या ढिगाकडे.

सूनबाईने फायबरवाल्याकडे पाहिलं. त्याचं डोकं टीव्हीच्या मागे होतं.

"आई नाहीत आता," ती म्हणाली. कुजबुजलीच म्हणायचं.

बाईने पापण्या खाली केल्या. मग समोरचे कागद सारखे केले आणि बातम्या सांगू लागली. बट कपाळावर तशीच होती.

फायबरवाला हात झटकत उठला. तार ढिली होती म्हणाला. मग जुन्या टीव्हीकडे बघून हसला. तिथे अजून बातम्यांच्या सुरुवातीची पाटीच फिरत होती, आवाजाविना. डिश आज जरा जास्तच मागे आहे, ढग असतील वर, असा त्याने खुलासा केला.

मग तिथेही बाई आली. धुरकट. ओठ हलले. चित्र अडकलं, चौकटी चौकटी झाल्या. त्या विरल्या तेव्हा बाई खिडकीकडे बघून हसत होती, बोलणं ऐकून घेतल्यासारखी मान हलवत होती. मग तिने बोट वर नेलं आणि कपाळावरची बट कानामागे सारली.

शेजारच्या टीव्हीवर तीच बाई, त्याच बातम्या, आणि बट कपाळावरच.

"दिसला ना फरक?" फायबरवाल्याने विचारलं. तो रंगांबद्दल बोलत होता.

"दिसला."

"मग गच्चीत जाऊन उतरवतो डिश."

"डिश राहू द्या, भाऊ. ही तुमची तार गुंडाळा."

"अहो, आत्ताच तर म्हणालात, फरक दिसला."

"म्हणूनच," सूनबाई म्हणाली.

ती उठली, खिडकीपाशी गेली. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग तिने दोन्ही हातांनी उचलला, आणि तो छातीशी धरून बाजूला सरून उभी राहिली, वडील माणूस बसेपर्यंत उभं राहावं तशी.