सवतीच्या नावाचं दही

"माझ्यासाठी नको, यानाच्या नावानं घाल," म्हणत नवऱ्यानं दारात तळहात पुढे केला. दर दौऱ्याला निघताना कुमुदिनी त्याच्या हातावर चमचाभर दही घालायची. आज तिनं चांगलं पळीभर ओतलं. सहा वर्षं यान बांधायच्या कामात या सवतीनं तिचा नवरा पळवला होता. लेकीच्या बारशाला तो नव्हता, तिच्या टायफॉइडमध्येही नव्हता. आता बया कायमची मंगळाकडे निघाली होती. जा म्हणावं एकदाची, पुन्हा तोंड दाखवू नकोस!

यान उडालं खरं, पण पृथ्वीभोवती फिरत असताना पुढचं इंजिन पेटलंच नाही. मंगळ राहिला लांब, बया इथेच घिरट्या घालत बसली. मोहीम गुंडाळली गेली, नवरा घरी आला. आता आभाळ मोकळं असलं, की संध्याकाळी तो गच्चीत जाऊन त्या सरकत्या ठिपक्याकडे टक लावून बघायचा. तसं त्यानं बायकोकडे लग्नातही बघितलं नव्हतं.

एकदा ती तणतणत वर गेली. "पळीभर दही घातलं होतं हो मी! तरी मेली जात नाही."

कित्येक दिवसांनी तो हसला. "अगं, दही घालतात ते निघालेलं माणूस परत यावं म्हणून. मग ती जाईल कशी?"

कुमुदिनीला हसू आलं नाही. सहा वर्षं तिनं दर खेपेला त्याच्याही नावानं दही घातलं होतं.

तो पुन्हा वर बघायला लागला होता.