ऑरेस्टच्या तोंडाचा ठराव

"बुधवारचा सिनेमा चालू असताना ऑरेस्टनी तोंड बंद ठेवावं, असा ठराव मी मांडते," टीना फ्रीसन म्हणाली. "आणि तो कोपऱ्यातला पॉपकॉर्न कुणीतरी उचला."

कोपरा चांगला वीस पावलांवर होता. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून टीनाचा चष्मा सुटला होता, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या वृद्धाश्रमात दर महिन्याला रहिवाशांची सभा भरायची. अध्यक्ष अर्थातच टीना.

सभेची वही लिहायचं काम मारिसेलचं. बिंगो, वाढदिवस, बुधवारी दुपारी दोनचा जुना सिनेमा, सगळी करमणूक तिच्याच गळ्यात. सहा वर्षं करमणूक करून ती इतकी थकली होती की कुणी हसलं तरी तिला दमायला व्हायचं. ठराव ऐकून तिला हायसं वाटलं. मताचा अधिकार असता तर तिचाच हात आधी वर गेला असता.

ऑरेस्टने गावातल्या थिएटरात चाळीस वर्षं मशीनवर सिनेमे दाखवले होते. बहुधा त्यातला एकही त्याला आवडला नव्हता. "उतरली बया जिन्यावरून. हिरवा झगा. पडदे फाडून शिवलाय वाटतं!" "आता ह्याने बंदूक काढली. धरलीय बघा, लाटणं धरावं तशी!" टीव्हीची जुनी मालिका लावली तर विचारूच नका. "घोडा परत त्याच खडकाजवळून गेला. तिसऱ्यांदा! मेल्यांकडे दुसरा खडक नव्हता का?" मारिसेलला तो आवाज घरी भांडी घासतानाही ऐकू यायचा.

"खुनी कोण ते दहाव्या मिनिटाला सांगतो हा माणूस!" टीना म्हणाली. "आणि ती बिचारी व्हर्ना! तिच्या तर कानातच बोंबलत असतो. व्हर्ना, तूच सांग बाई. त्रास होतो की नाही?"

व्हर्ना नेहमीसारखी ऑरेस्टच्या शेजारी बसली होती. तळमजल्यावर खिडकीची खोली, खिडकीत जिरेनियमच्या चार कुंड्या, आणि कुणाला कसला त्रास नाही, अशी बाई. तिने बोटांनी कानातलं चाचपलं.

"तिला कशाला मध्ये घेता?" ऑरेस्ट घाईघाईने म्हणाला. "मला मान्य आहे. लिही गं मारिसेल. तोंड बंद." आणि त्याने स्वतःच्याच विरोधात हात वर केला.

पडद्यावरचा चंद्र पुठ्ठ्याचा आहे यावरून अर्धा तास भांडणारा माणूस! मारिसेलला नवल वाटलं, पण नवलाचा पाठपुरावा करायलाही अंगात त्राण लागतं. तिने लिहून टाकलं. ठराव मंजूर झाला. हात वर गेला नाही तो फक्त व्हर्नाचा.

बुधवारी दोन वाजता दिवाणखान्यात शांतता होती. बाहेर बर्फ, आत जुना सिनेमा. ऑरेस्ट दोन्ही हात गुडघ्यांत दाबून, ओठ आवळून बसला होता. एका जाड्या माणसाची टोपी वाऱ्याने उडाली, ती थेट केकवर जाऊन बसली. सगळे हसले. व्हर्नाही हसली, सगळ्यांच्या जरा मागून.

मग एक लांबलचक प्रसंग आला. त्यात कुणी बोलत नव्हतं, नुसतं मंद संगीत होतं. व्हर्नाने हात हळूच बाजूला नेला. तो खुर्चीच्या दांडीवर फिरला, तिथून हवेत.

"ऑरेस्ट," ती कुजबुजली, "तू आलायस ना आज?"

तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता, भर उजेडात. शांतता इतकी होती की तिची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. ठरावाच्या बाजूने ऑरेस्टनेही हात वर केला होता. त्याने फक्त टीनाकडे पाहिलं.

मारिसेलला एकेक आठवलं. हिरवा झगा. बंदूक. घोडा आणि खडक. त्याचं प्रत्येक मत आधी काय दिसतंय ते सांगायचं, नावं मागाहून ठेवायचं. सहा वर्षं ऐकून तिला हे कळलं नव्हतं. आणि आता जे कळलं होतं ते नियमाप्रमाणे तिला आजच्या आज ऑफिसात कळवावं लागणार होतं. दृष्टी अधू झाली की फॉर्म भरायचा, आणि फॉर्म भरला की माणूस तिसऱ्या मजल्यावर. तिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. खिडकीत कुंडी ठेवू देत नाहीत. फॉर्म तिच्याच टेबलाच्या खणात होते.

पडद्यावर संगीत चालू होतं. व्हर्नाला आपण काय करून बसलो ते कळलं असावं. तिने हात मांडीवर घेतला आणि मान खाली घातली.

"अहो ऑरेस्ट!" टीना एकदम खेकसली. "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? माझा चष्मा सापडत नाहीये. मला मेलीला पडद्यावरचं काही दिसत नाही. काय चाललंय ते सांगाल की नाही? आणि जरा मोठ्याने!"

ऑरेस्टने घसा खाकरला.

"दोघं नाचतायत," तो म्हणाला. "तलावाकाठी. तिने पांढरा झगा घातलाय, त्याने कुणाचा तरी ढगळ कोट. आणि नाचता दोघांनाही येत नाही."

व्हर्ना हसली. या वेळी सगळ्यांच्या आधी.

मारिसेल खणापाशी गेली. त्यातून तिने फॉर्म काढला नाही, सभेची वही काढली, आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: अध्यक्षांचा चष्मा सापडत नसल्यामुळे मागील ठराव रद्द.