आरशासारखी फरशी

गावभरच्या फरश्यांना पॉलिश करणाऱ्या मिस्त्रीच्या घरात फरशीत तोंड दिसायचं. त्याच फरशीवर त्याच्या वर्षभराच्या कुत्रीचे, भुरीचे, मागचे पाय फाकायचे. "खुबे कच्चे आहेत, गुडघेही," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "वजन वाढू देऊ नका, रोज चालवा. पण घरात घसरत राहिली, तर सगळं मुसळ केरात." सतरंज्या अंथरल्या, तर त्या तिच्यासकट सरकल्या. शेवटी मिस्त्रीनं पॉलिशच्या मशीनला सगळ्यात खरखरीत दगड लावला. "अहो, इतक्या वर्षांची चमक घालवताय," बायको म्हणाली. "मीच आणलेली ना?" म्हणत त्यानं बटण दाबलं. धूळ पुसून झाल्यावर त्यानं दाराशी बसून हाक मारली. भुरीनं एक पंजा टेकवून पाहिला, मग दुसरा, आणि थेट धावत येऊन त्याला उताणं पाडलं. "आता फरशीत तोंड दिसत नाही," बायको म्हणाली. "हिचं दिसतंय की," मिस्त्री पडल्यापडल्या म्हणाला.